ॲपमध्ये पैसे दिसतात, मग फाटक का उघडत नाही?

प्रश्न एका कोल्हापूरकर गृहस्थांचा आहे. मुलगी नोकरीसाठी मोठ्या शहरात असते. अधूनमधून ते तिच्याकडे जातात, म्हणून तिनं त्यांना मेट्रो आणि बस दोन्हीकडे चालणारं कार्ड काढून दिलं. सगळे ज्याला एनसीएमसी म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड म्हणतात, तेच. या खेपेला निघण्याआधी त्यांनी घरी बसूनच ॲपवरून त्यात ५०० रुपये भरले. खात्यातून पैसे गेले, मेसेज आला, ॲपमध्ये आकडाही दिसू लागला. तिथं जाऊन फाटकाला कार्ड लावलं तर ‘शिल्लक अपुरी’. मागं रांग खोळंबलेली, पुढं फाटक बंद. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात. पैसे गेले कुठं? नुसतं टेकवून चालणारं कार्ड खिशात असताना गर्दीत कुणी पैसे ओढून घेईल का? आणि उद्या केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बसमध्ये, हे कार्ड चालू झालं तर आत्तापासून त्यात रक्कम भरून ठेवावी का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. पैसे बुडालेले नाहीत. ते कार्ड देणाऱ्या बँकेच्या सर्व्हरवर तुमच्या नावावर जमा आहेत, कार्डाच्या चिपमध्ये मात्र अजून उतरलेले नाहीत. स्टेशनच्या तिकीट खिडकीवर किंवा तिथल्या यंत्रावर ‘बॅलन्स अपडेट’ करून घेतलं की उतरतील. पूर्वी मनीऑर्डर पोस्टात येऊन पडलेली असायची, पण पोस्टमन दारात येईपर्यंत हातात दमडी नसायची, तसला हा प्रकार आहे.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण हे सांगितलं की पुढचा सवाल ठरलेला असतो: चहाच्या गाड्यावर दहा रुपये फोनवरून क्षणात पोचतात, मग या कार्डाचेच पैसे दोन ठिकाणी कशाला? तिकीट-वसुलीच्या यंत्रांवर मी बरीच वर्षं काम केलंय. फाटकं, बसमधली मशीन आणि दिवस संपल्यावर जुळवायचा हिशोब, तिन्ही पाहिलंय. माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: तुम्हाला आत सोडायचं की नाही हे ठरवतं कोण, आणि ठरवायला त्याच्याकडे वेळ किती असतो?

वेळ फार थोडा असतो. गर्दीच्या वेळी मेट्रोच्या एका फाटकातून मिनिटाला पंचवीस-तीस माणसं जायला हवीत. म्हणजे चालत्या माणसानं पावलाचा वेग न मोडता कार्ड टेकवायचं आणि पुढं सरकायचं. लंडनच्या वाहतूक संस्थेनं बँकेची कार्डं फाटकावर घ्यायची ठरवली, तेव्हा सगळा व्यवहार अर्ध्या सेकंदात उरकला पाहिजे अशी अट घातली होती. चहाच्या गाड्यावर फोन काढणं, ॲप उघडणं, कोड स्कॅन करणं, पिन टाकणं आणि चहावाल्याच्या डब्यातून ‘प्राप्त हुए’ ऐकणं यात आठ-दहा सेकंद सहज जातात, आणि कुणाचं काही बिघडत नाही. तेवढाच वेळ फाटकावर प्रत्येकानं घेतला तर जोतिबाच्या चैत्र यात्रेला एसटीच्या रांगेत जे होतं ते रोज सकाळी नऊला होईल. शिवाय नेटवर्क. जमिनीखालचं स्टेशन असो की घाटातली एसटी, जिथं रेंज जाते तिथंही तिकीट द्यावं लागतंच. रेंज नाही म्हणून फाटक बंद ठेवता येत नाही आणि सगळ्यांना फुकटही सोडता येत नाही.

या अर्ध्या सेकंदातून सुटायचे मार्ग दोनच. एक तर पैशांची नोंद कार्डातच ठेवायची, म्हणजे फाटकाला कुणाला विचारावंच लागत नाही. नाहीतर आत सोडून मोकळं व्हायचं आणि पैशांचा हिशोब मागाहून करायचा. जगातली झाडून सगळी कार्डं या दोनपैकी एका घरात बसतात, किंवा आपल्या एनसीएमसीसारखी दोन्ही घरांत पाय ठेवून असतात.

आधी पहिलं घर. कार्डात बॅटरी नसते. प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये कडेकडेनं बारीक तारेचे वेढे असतात आणि त्यांना एक चिप जोडलेली असते. फाटकावरचा रीडर १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडत असतो. त्या क्षेत्रात कार्ड आलं की तारेत वीज निर्माण होते आणि चिप जागी होते. त्याच क्षेत्रातून दोघांचं बोलणंही चालतं. कागदावर हे अंतर दहा सेंटिमीटरपर्यंत जातं, प्रत्यक्षात तीन-चार सेंटिमीटर धरून चला. म्हणूनच कार्ड ओवाळल्यासारखं लांबून फिरवून उपयोग नसतो. टेकवायचं, दिवा लागेपर्यंत थांबवायचं आणि मग उचलायचं. आणि गळ्यात अडकवायच्या दोरीसाठी कार्डाला पंच मारून भोक पाडू नका. तारेचे वेढे कडेनंच जातात, एक जरी तुटला तरी कार्ड गेलं. चिप ठणठणीत असते, पण तिच्यापर्यंत वीज पोचत नाही. असली भोकं पाडलेली कार्डं खिडकीवर ‘खराब निघालं’ म्हणून परत येताना मी कितीतरी पाहिली आहेत.

चिप जागी झाली की ती आपला क्रमांक सांगते. नुसत्या क्रमांकावर विश्वास ठेवता येत नाही, तो कुणीही नकलू शकतं. म्हणून रीडर एक कुठलीतरी यादृच्छिक संख्या फेकतो, कार्ड ती आपल्या गुप्त किल्लीनं बदलून परत देतं, आणि तसंच उलट कार्डही रीडरची परीक्षा घेतं. किल्ली हवेतून कधीच जात नाही, तिचा फक्त परिणाम जातो. रीडरची किल्ली त्याच्या पोटातल्या सिमकार्डाएवढ्या वेगळ्या चिपमध्ये कोंडलेली असते. तिला आम्ही ‘सॅम’ म्हणतो. बसमधलं मशीन चोरून नेलं तरी किल्ली हाती लागू नये, एवढ्यासाठी तो खटाटोप. हे सगळं शिकायला जगाला किंमत मोजावी लागली. १९९४ पासून वापरात असलेल्या मायफेअर क्लासिक या अत्यंत लोकप्रिय चिपची किल्ली ४८ बिटांची होती, आणि २००८ च्या सुमारास संशोधकांनी तिचं कुलूप उघडून दाखवलं. लंडनच्या ऑयस्टर कार्डातही तीच चिप होती. पुढं त्यांनी ती बदलून जास्त मजबूत चिप घेतली.

दोघांची ओळख पटली की रीडर शिल्लक वाचतो आणि नवी शिल्लक लिहितो. लिहिताना माणूस कार्ड उचलतो, आणि तक्रारींचा मोठा ढीग तिथंच तयार होतो. त्यावर उपाय असा असतो की चिप जुना आकडा खोडत नाही. नवा आकडा शेजारी लिहिते आणि पूर्ण लिहून झाल्यावरच ‘आता हा खरा’ अशी खूण करते. मध्येच वीज गेली तर जुना आकडा शाबूत राहतो. अर्धवट आकडा कधीच उरत नाही. तरी एक फट राहतेच. कार्डानं खूण केली, पण ‘झालं’ हा निरोप रीडरपर्यंत पोचण्याआधी तुम्ही हात काढला, तर कार्डातून पैसे गेलेले आणि फाटक बंद, अशी अवस्था होते. अशा वेळी लोक चिडून शेजारच्या फाटकाकडे जातात. तसं करू नका. त्याच फाटकाला तेच कार्ड पुन्हा लावा. अर्धवट राहिलेला व्यवहार त्याच रीडरच्या लक्षात असतो आणि नीट बनवलेली यंत्रणा तो पुन्हा पैसे न कापता पुरा करते. शेजारच्या फाटकाला त्यातलं काहीच माहीत नसतं. ते एक तर नव्यानं सुरुवात करतं, नाहीतर ‘आधीच आत आहात’ म्हणून अडवतं.

मेट्रोत आत जाताना पैसे सहसा कापले जात नाहीत. कार्डावर फक्त लिहिलं जातं: अमुक स्टेशन, अमुक वेळ. बाहेर पडताना ते वाचून, फाटकात आधीच भरून ठेवलेल्या भाड्याच्या तक्त्यावरून रक्कम निघते आणि वजा होते. म्हणून बाहेर पडताना कार्ड न लावता कुणाच्या पाठोपाठ निसटलात, तर पुढच्या वेळी कार्ड तुम्हाला अजून आतच समजतं. खिडकीवर जाऊन ते दुरुस्त करून घ्यावं लागतं, आणि नियमाप्रमाणे जास्तीत जास्त भाडं किंवा दंड बसतो. आत जाताना किमान किती शिल्लक हवी, हे प्रत्येक मेट्रो आपापलं ठरवते. तुमचा प्रवास दहा-वीस रुपयांचा असला तरी कार्डात त्या किमान रकमेपेक्षा कमी असेल तर प्रवेशालाच अडवलं जातं. तुमच्या बाबतीतही हे शक्य आहे. ॲपमधल्या ५०० चा त्यात काही संबंध नसेल. चिपमध्ये मागच्या खेपेचे उरलेले दहा-बारा रुपये असतील आणि फाटकानं तेवढेच पाहिले असतील.

आता दुसरं घर. लंडनमध्ये डिसेंबर २०१२ पासून बसमध्ये आणि सप्टेंबर २०१४ पासून भुयारी रेल्वेत साधं बँकेचं कार्ड चालतं. तिथं कार्डात प्रवासाचं काहीही लिहिलं जात नाही. फाटक एवढंच पाहतं की कार्ड खरं आहे का आणि ते काळ्या यादीत तर नाही ना. मग आत सोडतं. दिवसभरात तुम्ही कुठं चढलात, कुठं उतरलात याच्या नोंदी मुख्य संगणकाकडे जमतात, रात्री त्यांची साखळी जुळवली जाते आणि एकच रक्कम बँकेकडे मागितली जाते. याचा मोठा फायदा असा की हिशोब मागाहून होत असल्यानं तो प्रवाशाच्या सोयीचा करता येतो. दिवसभर कितीही फिरलात तरी ठरलेल्या रकमेच्या वर पैसे जात नाहीत, आठवड्यालाही तशीच मर्यादा असते. पास काढायचा की सुटी तिकिटं, हा विचार प्रवाशानं करायचाच नाही. तोटा असा की पहिल्याच दिवशी खात्यात पैसे नसतील तर तो प्रवास बुडीत जातो. कार्ड काळ्या यादीत जातं ते नंतर. हा धोका सोसायची संस्थेची ऐपत लागते.

आणखी एक तोटा आहे, तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला. पैसे कार्डात नसतील तर फाटक शिल्लक दाखवणार कुठून? सिंगापूरनं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की कार्डात पैसे साठवणारी जुनी पद्धत बंद करून सगळ्यांना सर्व्हरवरच्या खात्याकडे नेणार. लोकांनी गदारोळ केला. मुख्य तक्रार हीच होती की फाटकावर कार्ड लावल्यावर किती कापले आणि किती उरले ते आता दिसत नाही. दोन आठवड्यांत सरकारनं निर्णय फिरवला आणि जुनी पद्धत चालू ठेवण्यासाठी चार कोटी सिंगापूर डॉलर जास्तीचे खर्च करायचं ठरवलं. मला ही घटना फार बोलकी वाटते. आम्हा यंत्रवाल्यांना सर्व्हरवरचा हिशोब नेहमीच देखणा वाटतो. पण ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला समोर आकडा दिसायला हवा असतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता आपलं कार्ड. एनसीएमसी ४ मार्च २०१९ ला अहमदाबादेत जाहीर झालं. ते रूपे कार्डच आहे, पण चिपमध्ये दोन जास्तीच्या सोयी आहेत. एक ऑफलाइन पाकीट, म्हणजे प्रवासापुरते पैसे चिपमध्येच. दुसरी, वेगवेगळ्या वाहतूक संस्थांना आपापला पास आणि प्रवासाची नोंद लिहायला राखून ठेवलेली जागा. त्यामुळे एका शहराचा मासिक पास आणि दुसऱ्या शहरातल्या मेट्रोची ये-जा एकाच कार्डात राहू शकते. वरचा थर बँकेचा, आतला थर प्रवासाचा. फाटक उघडायला फक्त आतला थर लागतो, तिथं बँकेला विचारणं होत नाही. पैसे आत भरताना मात्र बँकेला विचारावंच लागतं, कारण तेव्हा चिपमध्ये नवा पैसा तयार होत असतो. बँकेनं सही केलेला निरोप प्रत्यक्ष चिपपर्यंत गेल्याशिवाय चिप आकडा वाढवत नाही. घरी बसून ॲपवर तुम्ही बँकेशी बोललात, कार्ड मात्र टेबलावर पडून होतं. त्याला कुणी काही सांगितलंच नाही.

चिपमधल्या ऑफलाइन पैशांना रिझर्व्ह बँकेनं २,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि एका ऑफलाइन व्यवहाराची मर्यादा ऑगस्ट २०२३ पासून ५०० रुपये आहे. हे आकडे मुद्दाम लहान ठेवलेत. पिन नाही, मेसेज नाही, बँकेला विचारणं नाही, अशा पैशांबाबत धोक्याला वर टोपण लावायचं असेल तर ते रकमेचंच लावता येतं.

इथून पुढं मात्र बरंच काही तुमचं कार्ड कोणत्या प्रकारचं आहे यावर ठरतं. बँक खात्याला जोडलेलं डेबिट कार्ड असेल तर खात्यातले पैसे आणि चिपमधले पैसे सरळसरळ वेगळे असतात. प्रीपेड असेल तर बऱ्याचदा ॲपमध्ये दोन आकडे दिसतात, एक कार्ड खात्याचा आणि एक ऑफलाइन पाकिटाचा, आणि आपण हमखास पहिला बघून निघतो. तिसरा प्रकार आहे फक्त प्रवासासाठीच्या कार्डांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं ओळखीच्या कागदपत्रांशिवाय अशी कार्डं द्यायला परवानगी दिली. त्यात ३,००० रुपयांपर्यंत रक्कम राहू शकते, पण ती रोख काढता येत नाही, दुसरीकडे वळवता येत नाही आणि परतही मिळत नाही. स्टेशनवर पाच मिनिटांत हातात पडलेलं कार्ड बहुधा यातलं असतं. कार्डाच्या पाठीमागची बारीक अक्षरं किंवा ॲपमधल्या अटी एकदा मुलीकडून वाचून घ्या.

तुमच्या ५०० रुपयांचं काय करायचं? पुढच्या वेळी स्टेशनवर गेल्यावर फाटकाकडे न जाता आधी खिडकीवर जा आणि ‘पैसे ऑनलाइन भरलेत, कार्डावर अपडेट करून द्या’ एवढंच सांगा. ‘रिचार्ज करा’ म्हणालात तर तो नवीन पैसे मागेल आणि गोंधळ वाढेल. काही बँकांच्या ॲपमध्ये फोनच्या मागे कार्ड टेकवून हेच काम घरी करता येतं. त्यासाठी फोनमध्ये एनएफसी, म्हणजे टेकवलेलं कार्ड वाचायची सोय, लागते आणि त्या बँकेनं सोय दिलेली असावी लागते. असेल तर उत्तम, मग कळंब्यात बसूनही चिप भरता येईल. अपडेट करताना कार्ड लगेच उचलू नका. इथं फाटकासारखा अर्ध्या सेकंदाचा मामला नसतो, बँकेकडे जाऊन यायला काही सेकंद लागतात. आणि अपडेट होऊनही आकडा वाढला नाही, तर ॲपमधल्या त्या व्यवहाराचा क्रमांक घेऊन बँकेकडे तक्रार करा. मेट्रोच्या माणसाच्या हातात त्यापुढं काही नसतं, त्याच्याशी वाद घालून वेळच जाईल.

दुसरा प्रश्न चोरीचा. गर्दीत कुणी मशीन तुमच्या खिशाला लावून पैसे काढेल, हे चित्र व्हॉट्सॲपवर फार फिरतं. तांत्रिकदृष्ट्या मशीन अगदी जवळ आणलं तर कार्ड जागं होतं, हे खरं. पण जागं झालेलं कार्ड कुणालाही नोटा काढून देत नाही. ते फक्त सही केलेली एक नोंद देतं, आणि त्या नोंदीचे पैसे बँकेत नोंदणी झालेल्या व्यापाऱ्याच्याच खात्यात जमा होतात. म्हणजे चोराला आधी आपली कागदपत्रं बँकेला द्यावी लागतील आणि मग तुमची तक्रार येईपर्यंत पैसे तिथंच ठेवून वाट बघावी लागेल. महाद्वार रोडवर नवरात्रात पाकीटच मारणं त्याला कितीतरी सोपं आहे. साध्या बँक कार्डावर पिनशिवाय टेकवून ५,००० रुपयांपर्यंत व्यवहार होतो, १ जानेवारी २०२१ पासून. नको असेल तर बँकेच्या ॲपमध्ये ती सोय बंद करता येते. खरी काळजी हरवण्याची करा. ऑफलाइन पाकिटातले पैसे खिशातल्या नोटांसारखेच धरायचे. कार्ड बंद करायला फोन केलात तरी बँक चिपमध्ये हात घालू शकत नाही. काळी यादी फाटकाफाटकांपर्यंत पोचेपर्यंत सापडलेलं कार्ड कुणीही वापरू शकतो, आणि ते पैसे सहसा भरून मिळत नाहीत.

चोरीपेक्षा नेहमी होणारा त्रास वेगळाच आहे. पाकिटात दोन-तीन टेकवायची कार्डं असतात आणि लोक अख्खं पाकीट फाटकाला लावतात. दोन कार्डं एकदम उत्तर द्यायला लागली की रीडर एक तर नकार देतो, नाहीतर जे आधी सापडेल त्याचे पैसे कापतो. आत जाताना एक कार्ड आणि बाहेर येताना दुसरं वाचलं गेलं तर दोन्हीकडून अर्धवट प्रवासाचा भुर्दंड बसतो. लंडनमध्ये याबद्दल लोकांना सावध करायला स्टेशनांवर मुद्दाम फलक लावले होते. एक कार्ड वेगळं काढून हातात धरा, प्रश्न मिटला.

आता केएमटी. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेला ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, १०,००० ई-बसची ही योजना, आणि एनसीएमसीवर आधारित भाडेवसुली तिच्या आराखड्यातच धरलेली आहे. कोल्हापूरचं नावही त्या योजनेत आहे. तेव्हा आज ना उद्या हा विषय शाहू मैदानाच्या थांब्यावर येणार, असं धरून चालायला हरकत नाही. पण मेट्रोचा अनुभव जसाच्या तसा इथं लावू नका.

आपल्या बसला फाटक नाही, कंडक्टर आहे, आणि भाडं टप्प्यावर ठरतं. गंगावेशीत चढलेला माणूस दसरा चौकात उतरणार की शिरोली एमआयडीसीपर्यंत जाणार, हे कार्डाला चढताना कळत नाही. सिंगापूरसारखं उतरतानाही कार्ड लावायला सांगायचं, तर शिफ्ट सुटल्यावर गोकुळ शिरगावहून भरून आलेल्या गाडीच्या दारात काय होईल याची कल्पना तुम्हीच करा. कुणी लावेल, कुणी गर्दीत ढकलला जाऊन विसरेल, आणि विसरणाऱ्याला शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं बसेल. दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. माझं मत विचाराल तर इथं कंडक्टरच्या तिकीट मशीनवरच कार्ड चालावं. तो विचारेल ‘कुठं?’, मशीनवर टप्पा दाबेल, तुम्ही कार्ड टेकवाल, तिकीट निघेल. अर्ध्या सेकंदाची घाई इथं नाहीच, कारण कंडक्टर गाडी चालू असतानाही तिकिटं फाडतो.

मग केएमटीत कार्डाचा उपयोग काय? सुट्ट्या पैशांची कटकट जाते, हा एक. पण ते काम यूपीआयनंही बऱ्यापैकी होतं, हे मान्य केलं पाहिजे. माझ्या लेखी मोठा उपयोग पासाचा आहे. विद्यापीठात जाणारी मुलं, एमआयडीसीतले कामगार, ज्येष्ठ नागरिक यांचा पास चिपमधल्या त्या राखीव जागेत बसला, तर कागदी पास फाटणं आणि फोटो पुसट होणं बंद होतं. तो पास किती वेळा, कुठल्या मार्गावर वापरला हेही कळतं. आज पासधारक बसमध्ये चढला की उपक्रमाच्या हिशोबात त्याचा माग फारसा राहत नाही. कुठल्या मार्गावर किती वाजता गाडी वाढवायची हे अंदाजानं ठरतं. प्रत्येक पास मशीनला टेकला तर तो अंदाज आकड्यात येतो. मात्र सवलत माणसाला असते, कार्डाला नसते. आजोबांचं कार्ड नातवानं टेकवलं तर चिपला फरक कळत नाही, तो कंडक्टरच्या डोळ्यांनाच कळतो. एसटीनं २०१९ मध्ये सवलतधारकांसाठी स्मार्टकार्ड आणलं, तेव्हाही त्यात पैशाइतकंच किंवा त्याहून जास्त काम ओळख पटवण्याचं होतं.

यासाठी आत्तापासून रक्कम भरून ठेवायची गरज नाही. चिपमध्ये पडून असलेल्या पैशांवर तुम्हाला व्याज मिळत नाही, आणि कार्ड तिसऱ्या प्रकारचं असेल तर ते परत काढताही येत नाहीत. मुलीकडच्या एका मुक्कामाला पुरेल एवढे, दोन-तीनशे रुपये चिपमध्ये असू द्या, बाकीचे खात्यातच बरे. केएमटीत कार्ड सुरू झालं की पहिल्या दिवशी पास खिडकीवर दोन गोष्टी विचारा. कुठल्याही बँकेचं एनसीएमसी चालेल की फक्त त्यांचंच? आणि कंडक्टरच्या मशीनवर बॅलन्स अपडेट होईल की त्यासाठी खिडकीवरच यावं लागेल? दुसऱ्याचं उत्तर ‘खिडकीवरच’ असं आलं, तर महिन्याचा पास काढताना तिथंच चिपही भरून घेत जा, म्हणजे वेगळी खेप पडणार नाही.